अठरा डबे, एक सर्व्हर : शाळेच्या लॅबच्या नोंदी

तालुक्याला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. ज्या हायस्कूलात शिकलो तिथली लॅब तीन वर्षं कुलूपबंद होती. मोठ्या बाईंनी उन्हाळ्यात हाक मारली. नवी मशीन घ्यायला पैसे नाहीत, जुने डबे चालतात का बघ, म्हणाल्या. पाटण तालुक्यात पाऊस सुरू झाला की कामं अडतात, म्हणून मे महिन्यातच हात घातला. काम करता करता वहीत टिपलेलं इथे उतरवलंय. एलटीएसपी (डिस्क नसलेले डबे एका सर्व्हरवरून नेटवर्कने चालू करणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर) वापरून असली लॅब उभी करायची असेल, तर निदान माझ्याएवढे दिवस कुणाचे वाया जाऊ नयेत.

सोमवार, २० मे २०२४

मोजदाद केली. कोअर टू ड्युओचे ११ डेस्कटॉप, दोन-दोन जीबी रॅम, हार्डडिस्क बहुतेकांच्या मेलेल्या. एएमडीचे ५ थिन क्लायंट (सर्व्हरला जोडून वापरायचे छोटे डबे), एका कार्यालयाने मोडीत काढलेले. शिवाय २ छोटे चौकोनी डबे, अॅटम एन२७० वाले. एकूण १८. सर्व्हर म्हणून दुकानातला सेकंडहँड आय-फाइव्ह, सहाव्या पिढीचा, १६ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी आणि पोरांच्या फायलींसाठी १ टीबीची जुनी हार्डडिस्क. शाळेला तो १४,५०० ला दिला, नफा न घेता.

थिन क्लायंट म्हटलं की सगळं सर्व्हरवर चालतं असं लोक धरून चालतात. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेल्या एलटीएसपीत तसं नाही. सर्व्हर फक्त सिस्टिमची इमेज (अख्ख्या सिस्टिमची एका फायलीतली प्रत) आणि होम फोल्डर (ज्याच्या-त्याच्या फायलींचं) पुरवतो, प्रोग्राम चालतात समोरच्या डब्याच्या प्रोसेसरवर आणि रॅमवर. म्हणून १ जीबीच्या मशीनच्या नादी लागू नका. दोन जीबीवर माटे डेस्कटॉप आणि ब्राउझरचे तीन-चार टॅब, एवढंच.

मंगळवार, २१ मे

अख्खा दिवस लिनक्सला हातही लावला नाही. अकरापैकी नऊ डेस्कटॉप सुरू करताना ‘सीमॉस चेकसम’ची तक्रार करून एफ१ दाबायची वाट बघत बसायचे. सेल संपलेले. सेल संपला की बायोसमधला (मशीन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम) बूटचा क्रमही पुसला जातो. म्हणजे आज नेटवर्क बूट (डिस्कऐवजी सर्व्हरवरून सुरू होणं) लावा, उद्या लाइट गेली की परत हार्डडिस्क शोधत बसणार. सीआर२०३२ चे १२ सेल, ३० रुपये प्रमाणे ३६०. प्रत्येक डब्यात नेटवर्क बूट पहिलं लावलं, ‘एररवर थांबू नकोस’ हा पर्यायही लावला, कारण अर्ध्या डब्यांना कीबोर्डच नाही. आधी सेल बदलून मग बायोस लावा. मी पहिल्या तिघांना उलटं केलं आणि परत उघडले.

गुरुवार, २३ मे

सर्व्हरवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं, माटेसकट. एलटीएसपी, डीएनएसमास्क (आयपी आणि बूटच्या फायली देणारा), एनएफएस सर्व्हर (इमेज नेटवर्कवर वाटणारा), एसएसएच सर्व्हर (नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिनचा), एपॉप्टीस (क्लायंटवर लक्ष ठेवायला). वेगळं क्रूट (फक्त क्लायंटसाठीची स्वतंत्र सिस्टिम) केलं नाही, सर्व्हरच्याच सिस्टिमची इमेज बनवली. पहिल्यांदा १४ मिनिटं लागली.

पहिला कोअर टू ड्युओ सव्वा मिनिटात लॉगिनच्या पडद्यावर आला. मामांना (आमचे शिपाई) बोलावून दाखवलं. मामा म्हणाले, “ह्याला डिस्क न्हाई म्हनतोस, मग चालतोय कशावर?” उत्तर देईपर्यंत दुसरा डबा अडला.

तो एन२७० होता. कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) सरळ सांगितलं की मला ६४ बिटचा प्रोसेसर लागतो, हा ३२ बिटचा आहे. एन२७० मध्ये ६४ बिट नाहीच. त्या दोघांसाठी वेगळं ३२ बिटचं क्रूट करता येतं, डेबियन १२ मध्ये तशी सोय आहे. पण दोन डब्यांसाठी दोन इमेज सांभाळायच्या, दर वेळी दोन्ही अपडेट करायच्या, हे मला परवडणार नाही. बाजूला ठेवले. राहिले १६.

शनिवार, २५ मे

एएमडीचे पाचही थिन क्लायंट बूट होतात, ओळी पळताना दिसतात आणि लॉगिनच्या जागी काळा पडदा. मॉनिटर बदलले, केबल बदलली. मग एकावर कंट्रोल-आल्ट-एफ२ दाबून काळ्या खिडकीत पोचलो आणि कर्नलच्या नोंदी वाचल्या. रेडिऑनचं (एएमडीच्या ग्राफिक्स चिपचं) फर्मवेअर, म्हणजे ती चिप चालवायला लागणारी फाइल, सापडत नाही.

चूक माझ्या गृहीतकात होती. डेबियनचा इन्स्टॉलर ज्या मशीनवर चालतो त्या मशीनला लागतं तेवढंच फर्मवेअर टाकतो. माझा सर्व्हर इंटेलचा. त्याच्यापासून बनवलेली इमेज एएमडीच्या डब्यांना कशी पुरेल? सर्व्हरवर एएमडी ग्राफिक्सचं आणि रिअलटेकचं अशी दोन्ही फर्मवेअर पॅकेजं टाकली, इमेज परत बनवली, पाचही उजळले. सर्व्हरला ती कधीच लागणार नाहीत, तरी तिथेच टाकायची. वेळ वाया : साडेतीन तास, त्यातले दोन मॉनिटर ओढण्यात.

मंगळवार, २८ मे

तीन दिवस ह्यात गेले.

आतापर्यंत दुकानातल्या आठ पोर्टच्या साध्या स्विचवर चाचणी चालली होती. लॅबसाठी २४ पोर्टचा मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) गिगाबिट स्विच घेतला, जुना, ४,२०० ला. जोडला आणि निम्मे डबे बूट होईनात. पहिला टप्पा रडतखडत पार व्हायचा, आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळायचा, आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) उतरायचं, आणि तिथे ‘नो कॉन्फिगरेशन मेथड्स सक्सीडेड’ म्हणून बसायचं. काही डबे त्याच्याही पुढे जाऊन इनिटरॅमएफएसच्या शेलमध्ये (अर्धवट बूट होऊन आज्ञांच्या पडद्यावर) पडायचे. परत चालू केलं की एखादा लागायचा.

मी डीएनएसमास्कच्या मागे लागलो. कॉन्फिग पुसून परत बनवलं, फायरवॉल बंद केली, टीएफटीपीच्या (बूटच्या फायली पोचवणाऱ्या सेवेच्या) फायली हाताने उतरवून पाहिल्या. सर्व्हरकडे सगळं व्यवस्थित. दुसऱ्या दिवशी आयपीएक्सईच्या जुन्या आवृत्त्या लावत बसलो. त्या दिवसाचं काही सांगण्यासारखं नाही.

आज वैतागून एका डब्याच्या आणि नव्या स्विचच्या मध्ये जुना पाच पोर्टचा साधा स्विच घातला. डबा पहिल्या फटक्यात बूट. काढला, बंद. घातला, चालू. तेव्हा डोक्यात उजेड पडला : स्पॅनिंग ट्री. मॅनेज्ड स्विच पोर्टवर लिंक आली की लूप (वायरींचा गोल फेरा) तर नाही ना, हे बघत १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो, आणि मगच पोर्ट उघडतो. इकडे बूट होताना लिंक एकदाच पडून थांबत नाही. बायोसकडून आयपीएक्सईकडे जाताना पडू शकते, कर्नलचा ड्रायव्हर चढताना परत. दर वेळी तीस सेकंदांचा खोळंबा, आणि तेवढी वाट बघण्याची तयारी कुणाचीच नसते. मधला साधा स्विच मॅनेज्ड स्विचकडची लिंक पडूच देत नाही, म्हणून चालत होतं.

स्विचचा पासवर्ड कुणालाच माहीत नव्हता. टाचणीने रीसेट केला, क्लायंटचे सगळे पोर्ट ‘एज’ म्हणून, म्हणजे वाट न बघता लगेच उघडणारे, लावले. सोळाही डबे लागले. स्विच विकणाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “आमच्याकडे चालत होता की!” चालत असणारच.

शनिवार, १ जून

सकाळी तीन डबे ‘पीएक्सई-ई३२’ दाखवत होते, म्हणजे टीएफटीपीची वाट बघून थकले. बाकीचे ठीक. दुपारी वेगळेच तीन.

एकाच्या पडद्यावरचा आयपी नीट वाचला : १९२.१६८.०.१०४. आमच्या नेटवर्कात सगळे १९२.१६८.१ पासून सुरू होतात. म्हणजे दुसराच कुणीतरी आयपी वाटत होता. वायर धरत गेलो तर स्टाफरूममध्ये एक वायफाय राउटर, लॅबच्या भिंतीवरच्या पॉइंटला जोडलेला. एका सरांनी मोबाइलला रेंज यावी म्हणून घरून आणला होता. वायर राउटरच्या वॅन (बाहेरच्या नेटवर्काच्या) पोर्टऐवजी लॅन (आतल्या नेटवर्काच्या) पोर्टात, त्यामुळे तो आख्ख्या लॅबला आयपी वाटायला बसला. ज्या डब्याला आधी त्याचं उत्तर पोचेल तो डबा सर्व्हरला मुकला.

राउटर काढलाच, पण शाळेत असं परत होणार. म्हणून सर्व्हरला दुसरं नेटवर्क कार्ड घातलं (६५०) आणि लॅबचा स्विच शाळेच्या नेटवर्कापासून पूर्ण तोडला. आता स्टाफरूमचा पॉइंट लॅबच्या स्विचला पोचतच नाही. आतल्या कार्डाला १९२.१६८.६७.१ हा पत्ता दिला. हाच द्या, कारण हा पत्ता दिसला की एलटीएसपी क्लायंटना इंटरनेट पुढे पाठवण्याची सोय आपणहून लावतं. मग ‘एलटीएसपी डीएनएसमास्क’ प्रॉक्सी-डीएचसीपी (आयपी वाटायचं काम दुसऱ्याकडे ठेवणारी सोय) शून्य करून परत चालवलं, म्हणजे आयपीही सर्व्हरच वाटतो. हे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं. साडेसहाशे रुपये वाचवायला गेलो.

गुरुवार, ६ जून

आठवी ते दहावीची ६४ खाती एका यादीतून ‘न्यूयूझर्स’ ह्या आज्ञेने बनवली. सर्व्हरवर चालतात, क्लायंटवर एकही चालत नाही. ‘पासवर्ड चुकीचा.’

ह्याचं उत्तर मला माहीत होतं आणि तरी अर्धा तास विसरलो. क्लायंटला कोण-कोण वापरणारे आहेत ही यादी बूट होतानाच एका छोट्या फायलीतून मिळते, आणि ती फाइल ‘एलटीएसपी इनिटआरडी’ चालवल्यावर बनते. नवं खातं केलं की ही आज्ञा, मग डबे रीस्टार्ट. एलटीएसपी डॉट कॉन्फ ह्या सेटिंगच्या फायलीत काही बदललं तरीही हीच. अख्खी इमेज परत बनवायची गरज नाही, काही सेकंदांचं काम.

तरी लागेना. कारण दुसरं, आणि तेही माझंच : गेल्या आठवड्यात शहाणपणा करून एसएसएचमधलं पासवर्डने लॉगिन बंद केलं होतं. एलटीएसपीत पोरगा लॉगिनच्या पडद्यावर पासवर्ड टाकतो तेव्हा क्लायंट तोच पासवर्ड घेऊन एसएसएचने सर्व्हरकडे जातो आणि त्याच वाटेने होम फोल्डर जोडतो. एसएसएच पासवर्ड घेणार नसेल तर लॅबमध्ये कुणीच आत येणार नाही. आतल्या नेटवर्कापुरता परत चालू केला.

मंगळवार, १८ जून

शनिवारी शाळा उघडली. आज तासाला लाइट गेली, दहा मिनिटांनी आली, आणि सोळाही डबे ‘पीएक्सई-ई५१’ दाखवून थांबले. बिघाड काही नाही. डबे वीस सेकंदांत तयार होतात, सर्व्हरला दीड मिनिट लागतं, तोवर ते आयपी मागून दमतात. सर्व्हर आणि स्विच दोघांना मिळून एक यूपीएस (२,९००). दाराच्या आत कागद चिकटवला : लाइट आल्यावर दोन मिनिटं डब्यांना हात लावू नये. मामा तो कागद मोठ्याने वाचून दाखवतात, पोरं ऐकतात.

शुक्रवार, २१ जून

‘दादा, माझं लॉगिन हुईना.’ दोन पोरं. चिठ्ठीवरून पासवर्ड पुन्हा टाकायला लावला, झालं. पासवर्ड नीट टाकत जा म्हटलं.

गुरुवार, ४ जुलै

रोज तेच. दोन, कधी तीन. रोज वेगळी पोरं, वेगळे डबे. कॉम्प्युटरचे सर म्हणतात पोरं बेफिकीर आहेत. मलाही तसंच वाटलं, आणि नववीतल्या एकाला चारचौघांत बोललो. मी दुपारी एकटा येऊन सोळाही डब्यांवर लॉगिन करून बघतो, एकदाही चुकत नाही. मग चूक पोरांचीच ना?

आज शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “दादा, आमच्या बाकाला कधीच होत नाही. आम्ही उशिरा टाकतो.” का उशिरा? “ते बटण लवकर लागत नाही.” त्या बाकावरच्या दोन मॉनिटरची बटणं खरंच दाबून धरावी लागतात.

तासाला मागे उभा राहिलो. सर म्हणतात, “सगळ्यांनी नाव टाका. पासवर्ड टाका. थांबा. एक, दोन, तीन... एंटर!” सोळा पोरं एका दमात एंटर दाबतात. शिस्त म्हणून.

रविवार, ७ जुलै

सर्व्हरवर एसएसएचच्या नोंदी काढल्या. दर तासाच्या सुरुवातीच्या मिनिटाला ‘मॅक्सस्टार्टअप्स थ्रॉटलिंग’ सुरू झाल्याची ओळ, आणि खाली ‘ड्रॉप कनेक्शन’, कधी दोनदा, कधी तीनदा. तीन आठवडे तिथेच लिहिलेलं होतं. मी त्या नोंदींत फक्त ‘चुकीचा पासवर्ड’ शोधत होतो, आणि ती ओळ एकदाही नव्हती. तेव्हाच शंका यायला हवी होती : पासवर्ड चुकला असता तर सर्व्हरने तसं नोंदवलं असतं.

मॅक्सस्टार्टअप्सची मूळ किंमत १०:३०:१०० असते. ओळख पटायची बाकी असलेल्या जोडण्या दहा झाल्या की पुढची जोडणी ३० टक्के शक्यतेने तोडायची, शंभर झाल्या की सगळ्याच. इंटरनेटवरून दार ठोठावणाऱ्यांना आवरण्यासाठी ते आहे. आमच्याकडे सोळा पोरं एकाच क्षणी दार ठोठावतात. पहिले दहा आत, उरलेल्या सहांतले दोन बाहेर. रोज दोन, कधी तीन! तोडलेल्या जोडणीला क्लायंटच्या पडद्यावर वेगळं नाव नाही, तिथेही ‘पासवर्ड चुकीचा’ असंच येतं. आणि मी एकटा तपासायचो तेव्हा ओळीत एकच जोडणी.

खात्रीसाठी एका डब्यावरून एनसी (नुसती जोडणी उघडायची आज्ञा) वापरून सर्व्हरच्या २२ नंबर पोर्टवर (एसएसएचच्या) सोळा जोडण्या एकदम उघडल्या आणि काहीच न टाकता धरून ठेवल्या. नोंदींत लगेच त्याच ओळी. एसएसएचच्या सेटिंगच्या ‘एसएसएचडी कॉन्फिग डॉट डी’ फोल्डरात लहान फाइल टाकली, मॅक्सस्टार्टअप्स ६०:३०:१२०, एसएसएच रीस्टार्ट. परत सोळा उघडल्या, एकही तुटली नाही. सर्व्हर इंटरनेटला थेट उघडा नाही म्हणून साठ ठेवायला हरकत वाटली नाही.

सोमवार, ८ जुलै

“एक, दोन, तीन, एंटर!” सोळाच्या सोळा आत. नववीतल्या त्या पोराला सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा पासवर्ड बरोबर होता. तो काही बोलला नाही, गेम उघडला.

शनिवार, १३ जुलै

किरकोळ दोन. डबा नंबर ११ बूट व्हायला चार मिनिटं घेत होता. ईथटूलने (नेटवर्क कार्डाचा वेग दाखवणारी आज्ञा) बघितलं तर लिंक १०० एमबीपीएसवर, बाकी सगळे १००० वर. उंदराने केबल कुरतडलेली, तपकिरी जोडीतली एक तार तुटलेली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात, म्हणून बंद न पडता नुसता रेंगाळत होता. नवी केबल ओढली आणि पाइपातून नेली.

दुसरं : दहावीच्या एका पोराला पासवर्ड घेऊन पडदा काळा व्हायचा आणि परत लॉगिन. होमची डिस्क १०० टक्के भरलेली. बाकीच्यांचंही उद्या तसंच झालं असतं. कुणीतरी क्रिकेटचे व्हिडिओ आख्खेच्या आख्खे उतरवले होते. पुसले, कोटा लावला, माणशी ४ जीबी.

एक चूकही नोंदवतो. तास चालू असताना मी इमेज बनवली, काही झालं नाही. जुनी इमेज बाजूला राहते आणि चालू डबे तीच वाचत राहतात. हिंमत वाढली, म्हणून पाच मिनिटांनी विसरलेलं पॅकेज टाकून परत बनवली. तेव्हा ती बाजूला ठेवलेलीही गेली, आणि डब्यांवर ‘स्टेल फाइल हँडल’ (वाचत असलेली फाइल आता जागेवर नाही) येऊन सगळे थिजले. इमेज शाळा सुटल्यावर.

आजवरचा खर्च : सर्व्हर १४,५००, स्विच ४,२००, यूपीएस २,९००, नेटवर्क कार्ड ६५०, सेल ३६०, केबल-कनेक्टर-पाइप १,७४०. एकूण २४,३५०. माझे दिवस धरलेले नाहीत. एन२७० चे दोन डबे अजून कपाटावर आहेत.

शनिवार, २० जुलै

नवं काम निघालं. जूनमध्ये सरांनी ‘पासवर्ड चुकवणाऱ्या’ पोरांना आपापला पासवर्ड पन्नास वेळा लिहायची शिक्षा दिली होती, हे आज कळलं. वह्या तपासायला वर्गात फिरल्या. म्हणजे कुणाचा पासवर्ड काय, हे सगळ्यांना पाठ.

६४ ही पासवर्ड बदलले. ह्याला ‘एलटीएसपी इनिटआरडी’ची गरज नाही, कारण पासवर्ड क्लायंटकडे जातच नाहीत, दर वेळी सर्व्हरलाच विचारलं जातं. डबे रीस्टार्टही करावे लागले नाहीत. डबा नंबर ७ वर जुना टाकून बघितला, नाकारला. नवा टाकला, उघडलं. चिठ्ठ्या घडी करून मामांकडे दिल्या, सोमवारी हजेरीच्या वेळी ज्याची त्याला.